पापणीकाकूंचा ताप

त्या दुपारी माझ्या फोनवर तीन नंबरच्या मशीनच्या तापमानाची रेघ वर सरकायला लागली, तेव्हा मी रेघेच्या नाही, आईच्या बाजूने होते. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर आईच्या मालकीणबाईंनी विचारलंच की तुला दिसत होतं तर लगेच काही केलं का नाहीस. केलं नाही, कारण रेघ चुकू शकते आणि आई चुकत नाही, असं मी लहानपणापासून धरून चालले होते.

माझी आई अंडी उबवते. खरं तर अंडी मशीनच उबवतात, पण आईसमोर असं बोलायची सोय नाही. तिच्या हॅचरीत माणसाहून उंच लोखंडी कपाटं आहेत. आत थरावर थर ट्रे, ट्रेमध्ये अंडी आणि मागे सतत गरगरणारे पंखे. आई तिथे कामाला लागली तेव्हा काचेचा एक थर्मामीटर होता आणि तोही फुटका. तिथल्या एका म्हाताऱ्या कामगाराने तिला शिकवलं की ट्रेमधलं अंडं उचलायचं, डोळा मिटायचा आणि अंडं पापणीवर टेकवायचं. पापणीची कातडी पातळ. अंडं गार असेल तर कळतं, गरम असेल तर लगेच कळतं, आणि बेतशीर ऊब असेल तर काहीच कळत नाही. काहीच कळलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं तिचं शास्त्र. हॅचरीत सगळे तिला पापणीकाकू म्हणतात. नवीन आलेल्या माणसाला तर तिचं खरं नाव महिनाभर ठाऊक नसतं.

घरीही तेच. आमच्याकडे थर्मामीटर कधी नव्हता. मी अंग गरम लागतंय म्हटलं की आई माझं डोकं दोन्ही हातांनी धरायची, माझ्या कपाळावर स्वतःची पापणी टेकवायची आणि निकाल द्यायची. "काही नाहीये, ऊठ, शाळेला जा." शाळा बुडवायची माझी कितीतरी सोंगं त्या पापणीने उघडी पाडली. त्याचा राग मला अजून आहे.

मी दुसऱ्या गावी असते. माझं काम लिफ्टवर नजर ठेवायचं. कितीतरी इमारतींतल्या लिफ्टना एकेक डबी बसवलेली आहे. दार नीट मिटतंय का, मोटर तापतेय का, लिफ्ट मजल्यावर बरोबर थांबते का, हे डबीला जोडलेले सेन्सर ओळखतात, डबी मोबाइलसारखंच आतल्या सिमवरून ते कळवते, आणि मी खुर्चीत बसून पडद्यावर बघते. लोकांना वाटतं, यात फार मोठी जादू आहे. जादू काही नाही. एक भाग जाणतो, एक भाग निरोप पोचवतो, लांब कुठेतरी एका मोठ्या कॉम्प्युटरवर तो निरोप लिहून ठेवला जातो, आणि ज्याला गरज आहे त्याच्या फोनवर दिसतो. औषधांच्या दुकानातला फ्रिज, दुधाची टाकी, गच्चीवरची पाण्याची टाकी, रस्त्यावरचे दिवे, सगळीकडे हेच चाललेलं असतं. फक्त एक गोष्ट मी नवीन मुलींना पहिल्या दिवशी सांगते. डबीला काय झालं ते कळतं, का झालं ते कळत नाही.

मालकीणबाईंनी हॅचरीच्या मशीनना असे सेन्सर बसवायचं ठरवलं तेव्हा माझाच सल्ला घेतला. बसवणारा आला, आणि आईने त्याला चहासुद्धा विचारला नाही. तापमान ठरवून दिलं की मशीन आपोआप ते राखणार, मर्यादेबाहेर गेलं तर भोंगा वाजणार आणि मालकीणबाईंच्या, मेकॅनिकच्या आणि माझ्या फोनवर निरोप जाणार, अशी सगळी मांडणी झाली. माझा नंबर सुरुवातीला चाचणीपुरता घातला होता, तो पुढे कुणी काढलाच नाही. गरज पडली तर फोनवरून तापमान बदलायची सोयही माझ्याकडे राहिली.

सुरुवातीला प्रत्येक मशीनला एकच सेन्सर होता. पहिल्याच महिन्यात त्यातला एक खिळ्यावरून निसटला आणि हवेच्या झरोक्यासमोर लोंबकळत राहिला. बाहेरची गार हवा त्याच्यावर, म्हणून तो कळवत राहिला की आत गार आहे, आणि मशीन बिचारं तापवत सुटलं. सेन्सरपाशी आकडा ठरल्याइतकाच राहिला, म्हणून फोनवर सगळं व्यवस्थित दिसत होतं. आईने अंडं पापणीला लावलं आणि तिथल्या तिथे मशीन बंद करून दार उघडलं. ट्रे वाचले. त्या दिवसापासून मालकीणबाईंनी फर्मान काढलं की आधी काकूंचा डोळा, मग मशीन. तापमानाचं बटण फिरवायची मुभा आईला मिळाली. भोंगा ओरडला की बटण दाबून गप्प करायची सवय मात्र तिने स्वतःहून लावून घेतली, कारण दार उघडलं तरी तो ओरडायचा. ती त्याला रडका म्हणायची.

त्यानंतर मी तिच्या मनगटावर एक पट्टा बांधला. नाडी, अंगाची उष्णता, झोप, चालणं, सगळं तो टिपतो आणि आईच्या फोनमार्फत माझ्या फोनवर पाठवतो. ती एकटी राहते, मला काळजी वाटते, एवढंच त्याचं कारण. फार वेळ एका जागी बसली की पट्टा थरथरून तिला उठवतो. "एक सासू वर गेली," आई म्हणाली, "तू दुसरी आणून मनगटावर बसवलीस." पण काढला नाही. हॅचरीत आत जाताना आंघोळ करावी लागते, कपडे बदलावे लागतात, फोन, चष्मा, पिशवी सगळं बाहेरच्या कपाटात ठेवावं लागतं, कारण बाहेरचा रोग आत गेला तर पिल्लं पटापट मरतात. पट्टा तेवढा स्पिरिटने पुसून आत न्यायला मालकीणबाईंनी परवानगी दिली होती. भिंतीपलीकडच्या कपाटातला फोन पट्ट्याला सापडायचा.

तर ती दुपार. मालकीणबाई विमानात होत्या. मेकॅनिक आणि बाकीची माणसं पिल्लांची गाडी घेऊन लांब गेली होती. आत एकटी आई, आणि तीन नंबरच्या मशीनमध्ये तीन दिवसांनी फुटणारी अंडी. शेवटच्या दिवसांत अंड्यातला जीव स्वतःच ऊब टाकायला लागतो, त्यामुळे तेव्हा थोडं जास्त झालेलं तापमानही घात करतं. कवचाच्या आत पिल्लं पुरती तयार असतात, चोच वळवून बसलेली असतात, आणि तशीच भाजून निघतात. हे मला आईनेच सांगितलं होतं, मी लहान असताना, जेवताना. मला तेव्हा घास गिळवला नव्हता.

फोनवर निरोप आला की तीन नंबरचं ठरवलेलं तापमान हाताने वाढवलंय. मी म्हटलं, आईला पापणीला गार लागलं असणार, पुन्हा कुठला तरी सेन्सर लोंबकळत असेल. मी एका अडकलेल्या लिफ्टच्या मागे लागले. थोड्या वेळाने परत वाढवलं. मग आणखी एकदा. भोंगा वाजल्याचा निरोप आला, आणि लगेच कुणीतरी तो बंद केल्याचा. आता माझं लक्ष लिफ्टवरून उडालं.

तो एक सेन्सर लोंबकळल्यापासून प्रत्येक मशीनमध्ये चार सेन्सर बसवले होते, वरचा, खालचा, दाराजवळचा आणि पंख्याजवळचा. चारही एकच सांगत होते की आत तापलंय. एक निसटू शकतो. चारही एकदम निसटतील कसे? आणि तरीही माझं मन म्हणत होतं, आई आहे तिथे. तिला कळतं. तू खुर्चीत बसून तिला काय शिकवणार?

मालकीणबाईंचा फोन बंद. मेकॅनिकचा लागेना. शेवटी मी घाबरत घाबरत इथून तीन नंबरचं तापमान खाली आणलं. रेघ जरा थबकली. मग तिकडून आकडा वर गेला. मी खाली आणला. तो परत वर गेला. आई तिकडे बटण फिरवतेय आणि मी इकडे बोट सरकवतेय, आणि मधल्या मध्ये त्या अंड्यांची ओढाताण. तिला काय वाटत असेल ते मला दिसतच होतं, की हे मेलं मशीन आपोआप आकडा पाडतंय. मी पुन्हा एकदा खाली आणला, आणि पडद्यावरून तीन नंबरचं मशीन नाहीसंच झालं. पाठोपाठ इतर मशीनही गेली. रेघांच्या जागी नुसतं राखाडी.

आईने सगळ्या मशीनचे निरोप पाठवणाऱ्या डबीची वायर उपटली होती. दुसरं काही असूच शकत नव्हतं. रागावली की ती घरीही टीव्हीची वायर उपटते.

शेजारच्या टेबलवरची म्हणाली, "काय झालं गं? पांढरी पडलीस." मशीन दिसेना, तेव्हा निदान आई हिंडतेय की बसलीय ते तरी कळावं म्हणून पट्ट्याचं पान उघडलं. हिंडत होती. पण नाडी अशी धावत होती जशी जिने चढताना धावते, आणि खाली अंगाच्या उष्णतेची रेघ सकाळपासून चढत चालली होती. दुपारच्या निरोपांच्या वेळा मी त्या रेघेवर धरून पाहिल्या. आईचं अंग जसजसं तापत गेलं, तसतसा तिने मशीनचा आकडा वाढवला होता.

मला एकदम कळलं आणि कळल्यावर जास्तच भीती वाटली. अंडी गार पडली नव्हती. पापणीच तापली होती. तापलेल्या पापणीला चांगलं उबदार अंडंही गारच लागणार, आणि ती जितकी जास्त तापेल तितकी अंडी तिला गार लागत जाणार. ती शहाणपणाने, जीव ओतून, एकेक अंडं डोळ्याला लावून त्या सगळ्या पिल्लांना भाजत होती.

मी फाटकावरच्या वॉचमनकाकांना फोन केला.

"काका, आत जाऊन आईला फोनवर बोलवा. लगेच."

"आत मला नाही जाता येत, बाळा. बाईंचा नियम आहे. आंघोळीशिवाय कुणी नाही."

"काका, तिला ताप आहे, आणि अंडी करपतायत."

"आग लागली तरी आधी आंघोळ, असं बाई स्वतः म्हणाल्यात."

"मग आंघोळ करा."

"आत्ता?"

"आत्ता. नाहीतर आधी दार तरी वाजवा."

त्यांनी दार वाजवलं. मला फोनमध्ये धाड धाड ऐकू आलं. पण आत पंख्यांचा घोंगाट असा असतो की शेजारी उभं राहून बोललेलं कळत नाही. "ऐकू जात नाहीये," काका म्हणाले, "आणि दाराला आतून कडी आहे." म्हणजे आंघोळ करूनही उपयोग नव्हता.

उरला पट्टा. मी आईला फोन लावला. कपाटातला फोन वाजला असणार, मनगटावर थरथर झाली असणार, आणि आई मनात म्हणाली असणार, गप गं सासूबाई, उभीच आहे मी. संदेश पाठवून उपयोग नव्हता. पट्ट्यावरची अक्षरं मुंगीएवढी, आणि चष्मा बाहेर. मी लावतच राहिले. घंटा पूर्ण वाजून बंद पडायची आणि मी परत लावायचे.

मग मला आमची जुनी खूण आठवली. मी पहिल्यांदा घर सोडून शिकायला गेले, तेव्हा आमच्यात मिस्ड कॉलची भाषा होती. एकदा वाजवून तोडला तर पोचले. दोनदा तोडला तर सवडीने फोन कर. आणि लागोपाठ तीनदा, लहान लहान, तर हातातलं असेल ते टाक आणि माझ्याशी बोल. हा शेवटचा मी एकदाच वापरला होता, बाबा गेले तेव्हा.

मी वाजवला, तोडला. वाजवला, तोडला. वाजवला, तोडला. थांबले. पुन्हा तसंच केलं. एकदा चुकून जास्त वाजू दिला, म्हणून परत पहिल्यापासून. डोळ्यांसमोर आई दिसत होती, अंडं डोळ्याला लावून उभी. मनातल्या मनात मी तिला म्हणत होते, आई, हे सासूचं नाही, हे माझं आहे.

पट्ट्याच्या पानावर तिची पावलं थांबली. मग चालायला लागली. फोन वाजला.

"कोण गेलं?" आईचा पहिला प्रश्न.

"कुणी नाही. आई, ऐक. तुला ताप आहे."

"मला काही झालेलं नाही. इथे तीन नंबर गार पडलंय आणि तुझं ते मशीन आकडा खाली पाडतंय. मी वायरच काढलीय त्याची. बाईंना फोन कर आणि सांग."

"आकडा मी पाडत होते."

मग तिचा आवाज चढला. "तू? तिथे बसून? पिल्लं मारायचीत का तुला माझी?"

"आई, अंडी गार नाहीयेत. तू गरम आहेस."

तिच्या श्वासाचा आवाज येत होता, तोसुद्धा मला गरम वाटला. मी काय म्हणतेय ते तिला पटेल की ती फोन आपटून परत आत जाईल, मला सांगता येत नव्हतं. तिने आयुष्यभर ज्याच्यावर भरवसा ठेवला, तेच आज फितूर झालंय असं मी तिला सांगत होते, आणि पुरावा काय, तर मनगटावरची सासू.

"कशावरून?" ती हळू म्हणाली.

"एक अंडं घेऊन दाराशी जा. वॉचमनकाकांच्या पापणीला लाव."

"बाहेर नेलेलं अंडं परत आत घेता येत नाही."

"एक जाऊ दे."

फोन तिने कपाटावरच ठेवला. मी कान लावून बसले. पंख्यांचा घोंगाट, मग कडी, मग काकांचा आवाज, "अहो, मला काय कळतं त्यातलं." आई म्हणाली, "डोळा मिटा आणि गप उभे राहा." मग काका म्हणाले, "गरम आहे की हो काकू. चांगलंच गरम." आणि लगेच, "अहो, तुमचा हात तर त्याहून तापलाय."

आई परत फोनवर आलीच नाही. फोन तसाच चालू राहिला. पलीकडे पाण्याचा आवाज आला. दाराशी जाऊन आलेल्या माणसाने परत आत जाण्याआधी आंघोळ करायची, हा नियम ती तापातही पाळत होती. मी रडत होते आणि म्हणत होते, अगं, राहू दे ना आंघोळ. ऐकायला कुणी नव्हतं.

मग पडद्यावर राखाडी गेलं आणि रेघा परत आल्या. वायर जोडली होती. तीन नंबरची रेघ अजून वरच होती. आईने आकडा खाली आणल्याचं दिसलं, मग दार उघडल्याचा निरोप आला, भोंगा वाजला, आणि या वेळी तिने तो बंद केला नाही. वाजू दिला. रेघ उतरायला लागली, इतकी सावकाश की मी तिच्याकडे बघत नुसती बसून राहिले. शेजारच्या टेबलवरचीने माझ्या अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांना केव्हाच सोडवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी घरी पोचले. आई अंथरुणात होती आणि तिचं तोंड बघवत नव्हतं. तापाने तसं झालं नव्हतं.

"किती गेली असतील?" तिने विचारलं.

"फुटल्याशिवाय कसं कळणार? तूच सांगतेस ना. मला आधी डॉक्टरला तुझ्या तापाचं विचारू दे."

"डॉक्टरला काय विचारायचंय ते विचार. मला तेवढं सांग, किती गेली असतील."

मालकीणबाईंनी तिला दोष दिला नाही. पण आजारी माणसाला आत यायची बंदी असते, ती तिलाही लागू होती. तीन नंबर फुटायच्या दिवशी ती घरात, आणि हॅचरी गावाच्या दुसऱ्या टोकाला. सकाळपासून ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मग एकदम वळली आणि म्हणाली, "तुझा फोन दे. त्यात दमटपणाची रेघ असते ना?"

"असते. का?"

"पिल्लू बाहेर पडतं ते ओलं असतं. एकदम सगळी फुटली की मशीनमध्ये वाफ होते. वर चढेल ती."

मी इतकी वर्षं रेघा बघते, मला हे ठाऊक नव्हतं. तिने चष्मा लावला आणि फोन दोन्ही हातांत धरून बसली. ज्या फोनला ती शिव्या घालायची, तो तिने कुणाला हात लावू दिला नाही. मी जेवायला बोलावलं, आली नाही. रेघ आडवी. दुपार कलली तरी आडवीच. नेहमी एव्हाना चढते, ती म्हणाली. मी तिच्या शेजारी बसले. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता.

रेघेला आधी नुसता पोक आला. मला वाटलं कुणी दार उघडलं असेल. मग ती चढली, थांबली, पुन्हा चढली, आणि चढतच राहिली.

"उशीर केला मेल्यांनी," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी पडद्यावर पडलं, तिने ते पदराने पुसलं आणि परत रेघ बघायला लागली.

संध्याकाळी मालकीणबाईंचा फोन आला. वरच्या ट्रेमधली बरीच गेली होती, पंख्याजवळची. बाकी निघाली होती, जरा अशक्त, पण उभी राहणारी. आईने सगळं ऐकून घेतलं. वरच्या ट्रेमधली किती, ते तिने विचारलं नाही आणि मीही तिला सांगितलं नाही.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ मनगटावरच्या पट्ट्याशी चाळा करत बसली. मला एक गोष्ट तेव्हा लक्षात आली आणि लाज वाटली. माझा ताप तिने बघितला, बाबांचा बघितला, हजारो अंड्यांची ऊब बघितली. तिचा ताप आमच्या घरात कधी कुणी बघितलाच नव्हता. मी बघितला तोही दुसऱ्या गावातून, पडद्यावर.

"उतरला का गं माझा?" तिने विचारलं.

मी पट्ट्याचं पान उघडायला फोन हातात घेतला.

"ते राहू दे," आई म्हणाली. तिने चष्मा काढला, डोकं पुढे केलं आणि वाट बघत राहिली.

मी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि डोळा मिटून तिच्या कपाळावर पापणी टेकवली. काहीच कळलं नाही.